आताचं नाही, मार्चमधलं सांगा

समजा, लेस्टरमध्ये राहणाऱ्या एक काकू आहेत. वय चौपन्न. लग्न होऊन कोल्हापूरकडून इंग्लंडला आल्या, वीस-बावीस वर्षं एका कारखान्यात उभ्याने पॅकिंग केलं, आणि आता संधिवाताने गुडघे आणि बोटं दोन्ही धरली आहेत. ६ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी त्या वॉकर पुढे सरकवत एका साध्याशा खोलीत येतात. सोबत लेक. टेबलापलीकडे तीन माणसं बसली आहेत: न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाची जाण असलेले तिसरे सदस्य. कुणाच्या अंगावर काळा झगा नाही. काकूंच्या शेजारी मराठी दुभाषी आहे. ती न्यायाधिकरणानेच बोलावलेली, तिचे पैसे काकूंना द्यावे लागत नाहीत. समोर दीडदोनशे पानांचा गठ्ठा, प्रत्येक पानावर क्रमांक.

डॉक्टर विचारतात, "गेल्या वर्षी मार्चमध्ये घरातून निघालात की न थांबता कुठपर्यंत चालवत होतं?"

काकू वॉकरकडे बोट दाखवतात. "आता बघताय ना तुम्ही. इथून दारापर्यंत जायचं तरी जीव जातो."

"आताचं नाही. मार्चमधलं सांगा."

काकू लेकीच्या तोंडाकडे बघतात. आपण खोटं बोलतोय असं यांना वाटतंय, हेच त्यांच्या मनात येतं. समोर धडधडीत दिसतंय, तरी ही माणसं अकरा महिने मागचं का उकरून काढताहेत?

काकू मी कल्पिलेल्या आहेत, पण हा प्रश्न ब्रिटनमधल्या अपंगत्व भत्त्याच्या सुनावण्यांत रोज विचारला जातो. तो अविश्वासातून येत नाही. तो कायद्यातून येतो, आणि तो कायदा आधी माहीत असला तर पुष्कळ त्रास वाचतो. म्हणून हा लेख.

भत्त्याचं नाव पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, बोलण्यात नुसतं 'पिप'. २०१२ च्या वेल्फेअर रिफॉर्म कायद्याने तो आला आणि एप्रिल २०१३ पासून लागू व्हायला लागला. तो नोकरी करणाऱ्यालाही मिळतो, न करणाऱ्यालाही; उत्पन्न किती हे बघत नाहीत. रोगाच्या नावालाही पैसे नाहीत. बघायचं असतं ते एवढंच, की त्या रोगामुळे रोजच्या कोणत्या गोष्टी जमत नाहीत. अशा गोष्टी बारा ठरवल्या आहेत. दहा रोजच्या जगण्याच्या: स्वयंपाक, आंघोळ, कपडे, संडास, औषधं सांभाळणं, बोलणं, वाचणं वगैरे. दोन हिंडण्याफिरण्याच्या. प्रत्येक गोष्टीला गुण. एका बाजूचे आठ झाले की साधा दर, बारा झाले की वाढीव. २०२५-२६ साली रोजच्या जगण्यासाठी साधा दर आठवड्याला ७३.९० पौंड होता आणि वाढीव ११०.४०, हिंडण्याफिरण्यासाठी २९.२० आणि ७७.०५.

काकूंनी नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्ज केला. तपासनिसाने अहवाल लिहिला, आणि १४ मार्च २०२४ तारखेचं पत्र आलं: रोजच्या जगण्याचे चार गुण, चालण्याचे चार, म्हणून काहीच मिळणार नाही. थेट अपील करता येत नाही. आधी भत्ता देणाऱ्या सरकारी खात्यालाच फेरविचार करायला सांगावं लागतं, आणि ते एका महिन्यात. फेरविचार झाला, २० मे चं पत्र आलं: निर्णय कायम. मग पुन्हा महिनाभराची मुदत, आणि जूनमध्ये अपील दाखल. त्याला फी नसते. त्यानंतर वाट बघणं. १७ ऑगस्टला काकू न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दुष्काळात तेरावा महिना. तेव्हापासून वॉकर.

काकूंच्या हिशेबाने सगळं सरळ आहे. मार्चमध्ये हाल होते, ऑगस्टपासून त्याहून वाईट, आता न्यायाधीशांसमोर आलो आहोत, त्यांनी डोळ्यांनी बघावं आणि द्यावं. पण १९९८ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याच्या कलम १२ मध्ये एक छोटं वाक्य आहे. त्याचा अर्थ असा, की ज्या निर्णयाविरुद्ध अपील आहे तो घेतला गेला त्या वेळी जी परिस्थिती नव्हती, ती न्यायाधिकरणाने विचारात घ्यायची नाही. यात 'वाटल्यास' नाही, 'शक्यतो' नाही. घ्यायची नाही म्हणजे नाही. न्यायाधीशांना काकूंची कितीही कणव आली तरी ऑगस्टमधलं पडणं या अपिलात मोजता येत नाही.

पूर्वी असं नव्हतं. हा कायदा येईपर्यंत न्यायाधिकरण सुनावणीच्या दिवसापर्यंतचं सगळं बघू शकत असे. माणूस समोर आला की आजवरचं काय ते एकदाच निकालात निघायचं. १९९८ च्या मे महिन्यात हा बदल आला आणि बघण्याची रेघ सुनावणीवरून उचलून खात्याच्या निर्णयाच्या तारखेवर नेऊन ठेवली गेली.

या बदलाच्या मागे काही विचार नाही असं म्हणता येणार नाही. भत्ता आठवड्या-आठवड्याने मिळतो, तेव्हा प्रत्येक आठवडा कोणत्या तरी एका निर्णयाच्या खाली असायला हवा. नाहीतर एकाच आठवड्यावर दोन ठिकाणी दोन निकाल लागतील. शिवाय अपील म्हणजे दुसऱ्याने आधी घेतलेल्या निर्णयाची तपासणी. खात्याने जे कधी बघितलंच नाही ते थेट न्यायाधिकरणाने ठरवलं, तर त्या मुद्द्यावर चूक झाल्यास माणसाची अपिलाची एक पायरी बुडते. आणि हा नियम दुसऱ्या अंगानेही लागतो, हे फार लोक विसरतात. मार्चनंतर काकूंच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया होऊन त्या फेब्रुवारीत तरातरा चालत खोलीत आल्या असत्या, तरी त्यांच्या आजच्या चालण्यावरून मार्चचा हक्क काढून घेता आला नसता. अर्जदार मधल्या काळात वारला तरी त्याच्या वतीने नेमलेली व्यक्ती अपील पुढे चालवू शकते; गेलेल्या माणसाचं आज विचारायला कुणी नसतं, पण त्याच्या त्या महिन्यांचं देणं शिल्लक असू शकतं.

तरीही मला हा नियम कठोर वाटतो, आणि त्याचं कारण नियमात कमी, उशिरात जास्त आहे. निर्णय आणि सुनावणी यांत दोन महिने गेले तर रेघ कुठे मारली याने फारसं बिघडत नाही. पण फेरविचार, मग अपील, मग तारखेची वाट, असं करत वर्षभर गेलं तर आजारी माणसाचं शरीर काही कागदांसाठी थांबून राहत नाही.

आता या कायद्यातला सगळ्यात महत्त्वाचा बारकावा. बंदी नंतरच्या परिस्थितीवर आहे. नंतरच्या पुराव्यावर नाही. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की चांगली अपिलं हातची जातात. पुरावा कधी तयार झाला याला महत्त्व नाही. तो कोणत्या काळाविषयी बोलतो याला आहे. न्यायाधिकरणांच्या वरच्या पातळीवर २००१ च्या सुमारास हे स्पष्ट झालं आणि तेव्हापासून ते पक्कं आहे.

काकूंचंच घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या गुडघ्यांचा एक्स-रे निघाला. त्यात सांध्यातली कूर्चा जवळपास संपलेली दिसते. एक्स-रे निर्णयानंतर सात महिन्यांनी काढलेला. पण कूर्चा सात महिन्यांत संपत नाही, त्याला वर्षं लागतात. म्हणजे ऑक्टोबरचा एक्स-रे मार्चमधल्या गुडघ्यांविषयी बोलतो, आणि तो पुरावा चालतो. खुब्याचा एक्स-रे मात्र ऑगस्टमधल्या पडण्याविषयीच बोलतो. तो या अपिलात निरुपयोगी. दोन्ही फिल्म एकाच पाकिटात आहेत, एकीचं वजन आहे आणि दुसरीचं शून्य.

डॉक्टरांची पत्रंही अशीच. लेक सुनावणीच्या आधी महिनाभर धडपडून डॉक्टरांकडून पत्र आणते. पत्रात लिहिलेलं असतं: 'या बाईंना वीस मीटरपेक्षा जास्त चालता येत नाही.' वर्तमानकाळ. तारीख जानेवारी २०२५. न्यायाधिकरणाच्या दृष्टीने हे पत्र वॉकरवाल्या काकूंविषयी आहे. त्याच डॉक्टरांनी लिहिलं असतं की 'मी यांना २०२१ पासून बघतो आहे. माझ्या नोंदींप्रमाणे फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या काठी घेऊन तीस-चाळीस मीटरवर थांबत होत्या, आणि ऑगस्टमधल्या अस्थिभंगाचा याच्याशी संबंध नाही', तर तेच पत्र सोन्याचं झालं असतं. डॉक्टर तेच, रोगी तीच, फक्त क्रियापदाचा काळ बदलला.

सगळ्यात बोलके पुरावे घरात पडलेले असतात. काकूंच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक उंच स्टूल आहे, पुढे किंचित उतरतं, म्हणजे अर्धवट उभं, अर्धवट टेकून भाजी चिरता येते. ते कौन्सिलच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने पाठवलं. पोचवताना दिलेली पावती लेकीने ड्रॉवरमध्ये टाकली होती: २२ जानेवारी २०२४. निर्णयाच्या सात आठवडे आधी. हे स्टूल एका परक्या, शिकलेल्या माणसाने घरी येऊन, बघून, काकूंना उभ्याने स्वयंपाक जमत नाही असं ठरवून दिलेलं आहे. स्वयंपाकाला साधन लागतं म्हणजे त्याचे दोन गुण. तपासनिसाच्या अहवालात तिथे शून्य आहे. आंघोळीच्या फळीची, पायमोजे चढवायच्या साधनाची, संडासाच्या कमोडवरच्या उंच बैठकीची अशीच एकेक तारीख शोधली, तर दोन-दोन करत आठ भरू शकतात. फार्मसीची यादी, कामावरून घेतलेल्या रजेची पत्रं, फोनमधले फोटो, बहिणीला पाठवलेले निरोप, यांनाही तारखा असतात. 'कुकरचं झाकण आज उघडेना, शेजारणीला बोलावलं' असा १० फेब्रुवारीचा व्हॉट्सॲप निरोप मी तरी गठ्ठ्यात लावला असता.

आता त्या 'निर्णयाच्या तारखे'चाच एक सापळा. काकूंच्या हातात दोन पत्रं आहेत, १४ मार्चचं आणि २० मे चं. अपिलाच्या अर्जाला मे महिन्याचं पत्र जोडावं लागतं, म्हणून तेच डोक्यात बसतं. पण फेरविचारात मूळ निर्णय कायम राहिला असेल तर अपील त्या मूळ निर्णयावरच असतं. रेघ १४ मार्चला. एप्रिलमध्ये नवीन काही झालं असेल, तर ते मे महिन्याच्या पत्राच्या आधीचं असूनही रेघेच्या पलीकडे पडतं.

पण रेघ म्हणजे सुईचं टोकही नव्हे. पिपच्या कायद्यात एका दिवसाचं चित्र चालतच नाही. त्रास आधीचे तीन महिने असायला हवा आणि पुढचे नऊ महिने राहण्याची शक्यता हवी. आणि हा त्रास त्या काळातल्या निम्म्याहून जास्त दिवसांवर असायला हवा. चढउतार असणाऱ्या आजारांसाठी हे फार मोलाचं आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेला माणूस सोमवारी जिना चढतो आणि गुरुवारी पलंगावरून उठू शकत नाही. याला कायद्याच्या भाषेत परिस्थिती बदलली असं म्हणायचं नाही; ती त्याची एकच परिस्थिती आहे, अशीच वरखाली होणारी. तिथे दिवस मोजायचे. आणि मोजताना आणखी एक गोष्ट बघायची: ते काम सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, हवं तितक्यांदा आणि वाजवी वेळात जमतं का. एकदा पन्नास मीटर चालून पुढचे दोन तास सोफ्यावर पडून राहावं लागत असेल, तर ते चालणं जमलं असं धरायचं नाही. काकूंच्या चालण्याच्या चार गुणांचे आठ किंवा दहा होतात ते बहुधा इथे, खुब्याचा काहीही संबंध न आणता.

पुढच्या नऊ महिन्यांचं काय? ते तर निर्णयाच्या वेळी घडलेलेच नसतात. तिथे न्यायाधिकरणाने मनाने मार्चमध्ये जाऊन बसायचं आणि विचारायचं: त्या दिवशी जे माहीत होतं किंवा माहीत होऊ शकलं असतं त्यावरून पुढे काय होईल असं वाटलं असतं? हळूहळू झिजणारे सांधे झिजतच जाणार, हे अंदाजात बसतं. न्हाणीघरात पाय घसरणं अंदाजात बसत नाही. सुनावणीच्या खोलीत पुढचं सगळं माहीत असताना ते माहीत नसल्यासारखा विचार करणं अवघड काम आहे. चांगली पॅनेल ते करतात, आणि निकालाच्या कारणांत तसं लिहून दाखवतात.

खोलीत काकू कशा चालत आल्या, कशा बसल्या, हेही पॅनेलच्या नजरेला पडतंच. त्यावरून मार्चविषयी तर्क काढता येतो, पण जपून. आणि तसा तर्क काकूंच्या विरोधात वापरायचा असेल तर त्यांना तोंडावर विचारून उत्तराची संधी द्यायला हवी. हाच न्यायाचा साधा धर्म आहे.

मग ऑगस्टच्या पडण्याचं काय करायचं? ते वाया जात नाही. त्याच्यासाठी दुसरं दार आहे, आणि या सगळ्या लेखात मला मनापासून सांगायची गोष्ट हीच, की अपील चालू असताना ते दुसरं दार बंद नसतं. 'केस कोर्टात आहे, आता मधे काही करू नका' हा सल्ला आपल्याकडे प्रेमाने दिला जातो. इथे तो घातक आहे.

काकूंना काहीच मंजूर झालेलं नाही, तेव्हा त्या लगेच नवा अर्ज करू शकतात. जुना अर्ज १४ मार्चच्या निर्णयाने संपला. कायदाच म्हणतो की त्यानंतरच्या परिस्थितीसाठी नवीन मागणी करायला हवी. नव्या अर्जातही तीन महिन्यांची अट आहे, म्हणजे फक्त पडण्यामुळे वाढलेला त्रास नोव्हेंबरच्या मध्यापासून धरला जाईल. पण अर्ज तीन महिने आधी करून ठेवता येतो. नव्या अर्जावर पिप मंजूर झाला तरी जुनं अपील मरत नाही. ते नोव्हेंबर २०२३ पासून नवा भत्ता सुरू होईपर्यंतच्या मधल्या काळाचं अपील म्हणून जिवंत राहतं. आणि जुन्या अपिलाचा निकाल असा लागला की त्याने नंतरचा निर्णयही चुकीचा ठरावा, तर तो नंतरचा निर्णय खात्याला पुन्हा तपासता येतो, तशी तरतूद आहे.

ज्यांना थोडा भत्ता मिळतो आहे आणि जास्तीसाठी अपील आहे त्यांचं दार थोडं वेगळं. त्यांनी खात्याला परिस्थिती बदलल्याचं कळवायचं. ते एका महिन्याच्या आत कळवलं तर चांगलं. उशीर झाला तर कारण द्यावं लागतं आणि तेरा महिन्यांपलीकडे मागे जाता येत नाही. इथे एक धोका उघड सांगायला हवा: कळवलं की सगळाच भत्ता पुन्हा तपासला जाऊ शकतो, वाढूही शकतो आणि कमीही होऊ शकतो. न्यायाधिकरणातही तेच. आहे ते कमी करण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि तसं होण्याची चिन्हं दिसली तर ते बहुधा आधी बजावतात, म्हणजे हवं तर अपील मागे घेता यावं. अशा वळणावर कुठल्या तरी मोफत सल्ला केंद्रात कागद दाखवून पुढचं पाऊल टाकावं. सिटिझन्स ॲडव्हाइसची केंद्रं गावोगाव आहेत.

मरणाच्या उंबरठ्यावरच्या आजारात मात्र हे तीन महिने, नऊ महिने काही लागत नाही. तिथे वेगळी, जलद वाट आहे, आणि एप्रिल २०२३ पासून ती सहा महिन्यांऐवजी बारा महिन्यांचं आयुष्य उरलेल्यांना खुली झाली.

निकाल विरोधात गेला तर वर अपर ट्रायब्यूनल आहे. तिथे फक्त कायद्याची चूक दाखवता येते. चूक सापडली तर बहुधा प्रकरण परत खाली नव्या पॅनेलसमोर जातं. तोवर २०२६ सुद्धा उजाडलेलं असू शकतं, आणि नवे डॉक्टर नव्याने विचारतात: मार्च २०२४ मध्ये कसं होतं? रेघ हलत नाही, फक्त आठवण पुसट होत जाते. म्हणून पहिल्या पत्राच्या दिवशीच एका वहीत लिहायला बसावं: आज सकाळी काय जमलं, काय नाही, कुणी मदत केली. दोन आठवड्यांची अशी वही वर्षभरानंतरच्या शंभर शपथांपेक्षा खरी वाटते.

ही रेघ प्रत्येक देशाने आपापल्या जागी मारली आहे. ऑस्ट्रेलियात अपंगत्व पेन्शनसाठी अर्जाचा दिवस आणि त्यानंतरचे तेरा आठवडे एवढीच खिडकी. अपिलाला दोन वर्षं लागली तरी बघायचं ते त्या खिडकीतून. त्यानंतर तब्येत ढासळली असेल तर नवा अर्ज. अमेरिकेची वाट उलटी: तिथे सुनावणी घेणारा प्रशासकीय न्यायाधीश स्वतःच्या निकालाच्या दिवसापर्यंतचं सगळं बघतो. काकू तिथे असत्या तर ऑगस्टचं पडणं त्याच सुनावणीत आलं असतं. पण तिथली रेघ दुसरीकडे लपलेली आहे. पगारातून कापलेल्या वर्गणीवर मिळणाऱ्या भत्त्याला विम्याची शेवटची तारीख असते. काम सुटून काही वर्षं झाली की ती उलटते, आणि त्यानंतर आजार कितीही वाढला तरी त्या भत्त्यासाठी त्याचा उपयोग होत नाही.

आपल्याकडे? न्यायालयांत, दावा दाखल झाल्यानंतर घडलेल्या गोष्टींकडे सावधपणे का होईना पण बघावं, अशी परंपरा आहे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७५ मध्ये भाडेकरूच्या एका खटल्यात ती मोठ्या ताकदीने मांडली. पण कामावर झालेल्या इजेच्या भत्त्यासाठी आपल्या कायद्यांनी वेगळी युक्ती केली होती: निर्णय करा, आणि तो पुन्हा उघडण्याची किल्ली कायद्यातच ठेवा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम ६ प्रमाणे, कामगाराच्या अवस्थेत बदल झाल्याचा डॉक्टरी दाखला जोडून अर्ज केला की पंधरवड्याने मिळणारी रक्कम कमिशनरला पुन्हा ठरवता येत असे. अर्ज कामगारालाही करता येई आणि मालकालाही. गिरणगावापासून पिंपरी-चिंचवडपर्यंत कामगार ज्याला नुसतं 'ईएसआय' म्हणतात त्या योजनेच्या १९४८ च्या कायद्यातलं कलम ५५ तर आणखी नेमकं होतं: इजेचे परिणाम बऱ्याच प्रमाणात आणि अनपेक्षितपणे वाढले, तर वैद्यकीय मंडळाने अपंगत्वाची टक्केवारी पुन्हा बघावी. मात्र पक्क्या टक्केवारीला पाच वर्षं आणि तात्पुरतीला सहा महिने व्हायच्या आत अर्ज करायचा, तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाची परवानगी लागे.

'अनपेक्षितपणे' हा शब्द इथेही आहे, हे बघण्यासारखं. लेस्टरच्या पॅनेलला जो प्रश्न पडतो, म्हणजे हे वाढणार हे तेव्हाच दिसत होतं की नव्याने कोसळलं, तोच प्रश्न ठाण्याच्या कारखान्यात बोटं गेलेल्या कामगारासमोरच्या मंडळालाही. फरक एवढाच, की कोसळलेलं दुःख घेऊन कोणत्या दारावर जायचं ते ईएसआयच्या कायद्याने त्याच पानावर लिहून ठेवलं होतं. ब्रिटनमध्ये ते दार वेगळ्या कायद्यात आणि वेगळ्या फोन नंबरवर आहे. सुनावणीची तारीख कळवणाऱ्या पत्रात पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत, माणसाच्या भाषेत एक वाक्य असायला हवं: तुमची तब्येत निर्णयानंतर बिघडली असेल तर आम्ही ते बघू शकत नाही, आजच खात्याला फोन करा.

पिपचा अर्ज बहुतेकांचा फोनवरूनच सुरू होतो. पुढे घरी मोठा फॉर्म येतो, तो मुदतीत भरून पाठवला की अर्जाची तारीख म्हणून फोनचा दिवस धरतात. शनिवार, १७ ऑगस्टला काकू पडल्या. सोमवारी सकाळी लेक हॉस्पिटलमध्ये आईच्या खाटेशेजारी बसली आहे, हातात चहाचा कागदी कप आहे. चहा संपेपर्यंतच्या वीस मिनिटांत तिने आईला सोबत घेऊन तो एक फोन केला असता, तर फेब्रुवारीतल्या त्या खोलीत डॉक्टरांनी मार्चचं विचारल्यावर काकूंना फक्त मार्चचंच सांगायचं राहिलं असतं: काठी, उतरतं स्टूल, शेजारणीने उघडून दिलेला कुकर. ऑगस्टचा कागद तोवर दुसऱ्या टेबलावर पोचलेला असता, वर तारीख घालून: १९ ऑगस्ट २०२४.